अण्णांचा चार कप्प्यांचा फोन

गेल्या वर्षी श्रावणात एका पहाटे अण्णांनी आमच्या जुन्या दूधवाल्याला फोन लावला, मग मला, मग परत दूधवाल्याला, आणि शेवटी चार वर्षांपूर्वी वारलेल्या मामांच्या नंबरवर. यातला एकही फोन त्यांना करायचा नव्हता. किती वाजले एवढंच बघायचं होतं. मी धावत सदाशिव पेठेत पोचले तेव्हा ते खाटेच्या कडेला बसले होते. फोन उशीखाली होता. म्हणाले, "हा घेऊन जा. मला नको."

अण्णांना कंपवात आहे, आता सात वर्षं झाली. उजवा हात मांडीवर स्वस्थ असला की जास्त थरथरतो. काही उचलायला पुढे केला की क्षणभर थांबतो, आणि वस्तूवर टेकला की पुन्हा सुरू होतो. टचस्क्रीनच्या काचेला हे कळत नाही. एकदा टेकवलेलं बोट तिला चार वेळा टेकवल्यासारखं वाटतं, जरा घसरलं तर तो 'स्वाइप' होतो. हिरवं बटण वर सरकवून फोन उचलणं तर त्यांना जमतच नव्हतं. "बोलून सांगा, फोन आपोआप लावेल," असा सल्ला पुष्कळांनी दिला. पण या आजारात आवाजही बारीक होत जातो. शेजारी बसलेल्या आईला कान द्यावा लागतो, तिथे फोनला काय ऐकू जाणार?

फोन सोडून देणं हा पर्याय नव्हता. अण्णा रोज सकाळी टिळक रस्त्याने सारसबागेत जातात, तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेतात आणि परत येतात. मधेच कधीतरी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पाऊल उचलत नाही. दहा मिनिटं, कधी वीस. तेवढ्या वेळात घरी कळवता आलं पाहिजे. नाहीतर आई त्यांना एकट्याने सोडणार नाही, आणि अण्णा कोणाला सोबत घेऊन जाणार नाहीत.

आधी मी तयार फोनच शोधले. कपाटात त्यांचा नोकिया ११०० होता, २००३ साली निघालेलं मॉडेल, रबराच्या सलग कीपॅडचा, टॉर्चवाला. बॅटरी फुगली होती. नवी बीएल-फाइव्हसी आणली, सिम अडॉप्टरमध्ये बसवून घातलं, आणि फोन चालू झाला! या फोनला लागणारं एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचं टूजी नेटवर्क आपल्याकडे अजून चालू आहे, म्हणून हे जमलं. जिओकडे टूजी नाहीच, ते सिम या फोनमध्ये घालून उपयोग नाही. अण्णा फोन हातात घेऊन हसले. पण दोन दाबायला गेले की २२२ उमटायचं. बटण दाबून धरलं की नंबर लागतो ती सोय चांगली, पण धरलेलं बोट थरथरलं की सुटलं, की पुन्हा पहिल्यापासून. वीस वर्षांपूर्वीचा त्यांचा आवडता फोन त्यांच्याच हातात चालत नाही हे बघणं त्या सकाळच्या फोनांपेक्षा वाईट होतं.

मग ज्येष्ठांसाठी म्हणून विकला जाणारा एक मोठ्या बटणांचा फोन घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. मागच्या बाजूला तांबडं आणीबाणीचं बटण होतं. फोन धरला की बोट नेमकं त्यावरच जायचं आणि सायरन वाजायचा. भर बाजीराव रस्त्यावर तो वाजला, चार माणसं जमली, आणि अण्णांनी घरी येऊन तो फोन टेबलावर ठेवला तो ठेवलाच. ज्येष्ठांसाठी म्हणजे मोठे आकडे, मोठा आवाज आणि सायरन, असं ठरवून टाकलेलं दिसतं. हात कसा हलतो ते कोणी बघितलेलं नाही. याचा मला अजूनही राग आहे.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात कॅलिब्रेशनचं काम करते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सत्तावीस वर्षं झाली. सोल्डरिंगची सवय सुटलेली नाही. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये डेव्हिड मेलिस यांनी २०१३ च्या सुमारास घरी जोडता येईल असा मोबाइल बनवला होता, लेझरने कापलेल्या प्लायवूडच्या खोक्यात, आणि त्याचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले होते. ते मी पूर्वी कुतूहलाने वाचले होते. त्या आठवड्यात पुन्हा उघडून बसले. फोनचं सगळ्यात अवघड काम, म्हणजे नेटवर्कशी बोलणं, तयार मॉड्यूल करतं. आपण त्याला फक्त हुकूम द्यायचे. माझ्यासाठी प्रश्न एवढाच उरला की हुकूम देणारं बटण कसं असावं.

शनिवारी बुधवार पेठेत गेले. पासोड्या विठोबाच्या पलीकडे तापकीर गल्ली, पुण्यातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं माहेर. कॉलेजात असताना इथे रेझिस्टर मोजून घ्यायचे. नेटवर्कशी बोलणारं सिम आठशे-एल नावाचं मॉड्यूल मागितलं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "प्रोजेक्ट का? मुलाचं?" म्हटलं, "वडिलांचं." ते थांबले, मग दोन काढून दिली. "एक जळतं. दोन न्या ताई." टपाल तिकिटाएवढी पाटी, वर मायक्रो सिमचा खाचा, बाजूला तारेची कमान अँटेना म्हणून. सोबत हुकूम देणारा प्रोग्राम चालवायला अर्डुइनो नॅनो नावाची छोटी पाटी, १८६५० हा लिथियमचा सेल, संरक्षण सर्किटसकट चार्जिंगची पट्टी, छोटा स्पीकर, माइक आणि गेमच्या मशीनला असतात तशी चार गोल बटणं.

काकांचं खरं ठरलं. या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. मी व्होल्टेज कमी करणारी पट्टी लावली, पण आधी मल्टिमीटरने तपासली नाही, आणि पाच व्होल्ट गेले. रोज दुसऱ्यांची उपकरणं तपासून शिक्का मारणारी मी, घरच्या टेबलावर तपासायला विसरले. दुसरं मॉड्यूल थेट सेलवर जोडलं. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे अगदी बेताचा.

तरी ते टिकेना. चालू व्हायचं, दिवा लुकलुकायचा, आणि नेटवर्क शोधायला लागलं की बंद पडून परत सुरू व्हायचं. दोन रात्री मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होते. चूक तारेत होती. जीएसएमचा, म्हणजे टूजीचा, फोन सलग बोलत नाही, सेकंदाला २१७ वेळा अगदी छोट्या झटक्यांत बोलतो, आणि प्रत्येक झटक्याला दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो. ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडून बघायच्या पाटीच्या, केसासारख्या तारांतून तेवढा मिळत नाही, व्होल्टेज बसतं आणि मॉड्यूल मान टाकतं. जाड, आखूड तारा सोल्डर केल्या, मॉड्यूलला खेटून, झटक्यापुरती वीज साठवून ठेवायला, हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा तीन सेकंदांतून एकदा लुकलुकू लागला. म्हणजे नेटवर्क मिळालं. रात्रीचे पावणेदोन वाजले होते.

पहिला फोन अण्णांसमोर लावायचा ठरवलं होतं. लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. हुकूम साधा असतो: एटीडी आणि पुढे नंबर. लिहिला, पाठवला. उत्तर आलं, 'नो कॅरिअर'. पुन्हा, तेच. अण्णा चष्मा लावून पडद्याकडे बघत होते. मी माहितीपुस्तिका उघडली आणि सापडलं. नंबरानंतर अर्धविराम द्यावा लागतो. तो नसला तर मॉड्यूलला वाटतं, जुन्या मोडेमसारखा डेटाचा कॉल लावायचाय. अर्धविराम दिला आणि आईचा फोन स्वयंपाकघरात वाजला.

अण्णा म्हणाले, "म्हणजे खिळा राहिला होता."

अण्णा एकतीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे; डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्याकप्प्यांच्या लाकडी खोक्यातून, स्टिककडे आणि परत. देवनागरीत जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार धरून खिळे शेकड्यांनी. ओळ उलटी वाचायची. ऑफसेट आलं तेव्हा छापखाना बंद झाला आणि मालकांनी प्रत्येकाला एकेक केस आठवण म्हणून दिली. आमची माळ्यावर आहे. लहानपणी मी तिच्या कप्प्यांत चिंचोके ठेवायचे. अर्धविरामाच्या त्या संध्याकाळपर्यंत अण्णा माझ्या खटाटोपाकडे लांबून बघत होते. त्यानंतर ते जवळ सरकून बसायला लागले.

आता मुख्य काम. कोणतंही बटण दाबलं की आतली पत्र्याची पट्टी क्षणभर थरथरते, म्हणून प्रोग्राममध्ये वीस-पन्नास मिलिसेकंद थांबायची सोय नेहमीच असते. पण ती बटणाच्या थरथरीसाठी असते. मला हाताच्या थरथरीसाठी हवी होती. मी एक बटण लॅपटॉपला जोडलं आणि अण्णांना सांगितलं, "तुम्ही नेहमीसारखं दाबा. मी फक्त मोजते." पडद्यावर प्रत्येक स्पर्शाची वेळ उमटायला लागली. गोळी घेतल्यावर तासाभराने एकदा मोजलं, आणि गोळीचा अंमल उतरल्यावर, पुढच्या गोळीच्या आधी एकदा. असं आठ दिवस, वहीत तक्ते करून. अंमल उतरलेला असताना दोन स्पर्शांतलं अंतर १८० ते २२० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण पाच हेलकावे. कंपवाताचा कंप सेकंदाला चार ते सहा असतो असं वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. माझ्या वहीत तेच आकडे माझ्या वडिलांच्या बोटातून आले होते. आठ दिवसांत त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही. शेवटच्या दिवशी विचारलं, "माझं मशीन किती अचूक निघालं?" मी म्हटलं, "फार अचूक."

आकडे हातात आल्यावर उपाय सुचला. बटण सलग दाबून धरायची अट काढून टाकायची. बोट बटणावर असेल तितका वेळ जमा करायचा, सुटलं की थोडा वजा करायचा, आणि सातशे मिलिसेकंद जमले की हुकूम मान्य. बारीक भोक असलेल्या तांब्यात पाणी भरावं तसं. धार मधेमधे तुटली तरी तांब्या भरतोच, फक्त जरा वेळ लागतो. आणि नुसता धक्का लागला तर दोन थेंब पडतात, गळून जातात. एकदा हुकूम मान्य झाला की पुढची तीन सेकंदं दुसरं कुठलंच बटण ऐकायचं नाही.

ब्रेडबोर्डवर हे झकास चाललं. पण हात अधांतरी असला की बोट बटणावरून घसरून शेजारच्यावर जायचं. बटणं लांब लांब लावली, तरी तेच. एका दुपारी अण्णा म्हणाले, "माळ्यावरची केस काढ."

धूळ पुसून खाटेवर ठेवली. अण्णांनी हात पुढे केला आणि न बघता एका कप्प्यात बोटं घातली. कप्प्याच्या कडेला हाताचा खालचा भाग टेकला आणि बोटं आत, आधाराला. कंप होताच, पण बोट जिथे जायचं तिथेच राहिलं, कप्प्याबाहेर गेलं नाही. "खिळा खाली असतो," ते म्हणाले. "वर ठेवलास तर सांडणारच." मी बटणं खोक्याच्या पृष्ठभागावर बसवत होते. ती तळाला हवी होती.

केस मोडायची माझी तयारी नव्हती. अण्णांचीच होती. "चिंचोके ठेवायला पाहिजे का तुला अजून?" असं विचारून त्यांनी विषय संपवला. शनिवार पेठेतल्या सुतारकाकांनी तिच्या एका कोपऱ्याचे चार कप्पे जसेच्या तसे कापून दिले, मागे पातळ फळी, कडा घासून गुळगुळीत. सागवान इतक्या वर्षांनी आतून पिवळंधमक निघालं. लाकडाचा आणखी एक फायदा झाला. सुतारकाम होईपर्यंत मी सगळं भाच्याच्या पत्र्याच्या कंपासपेटीत बसवून बघितलं होतं. झाकण लावलं की दिवा पुन्हा भराभर लुकलुकायचा, कारण पत्र्यातून रेडिओलहरी जात नाहीत. लाकडातून जातात.

चार कप्प्यांतला एक फोन उचलायचा आणि ठेवायचा. उरले तीन: घर, दादा, मी. मी माझं बटण सगळ्यात सोपं, अंगठ्याखाली ठेवलं होतं. अडचणीत मलाच फोन येणार असं मी धरून चालले होते. अण्णांनी विचारलं, "हे कशावरून ठरवलंस?" केसमध्ये ज्या अक्षराचं काम जास्त त्याचा कप्पा मोठा आणि हाताजवळ. काना हाताशी, ळ लांब. मग आम्ही त्यांच्या जुन्या फोनमधले महिन्याभराचे कॉल मोजले. आईला एकेचाळीस, दादाला नऊ, मला सात. घराचं बटण अंगठ्याखाली गेलं. माझं वरच्या कोपऱ्यात, ळ च्या जागी. आकडे बघून मी गप्प झाले, आणि त्या महिन्यापासून रोज संध्याकाळी त्यांना मीच फोन करते.

पडदा ठेवायचाच नाही हे आधीपासून ठरलं होतं. पण हुकूम लागला की नाही हे कळायला हवं. आधी कंपन करणारी छोटी मोटर लावली. थरथरणाऱ्या हाताला कंपन कसं कळणार? काढली. एक एमपीथ्रीची पट्टी बसवली आणि आईचा आवाज रेकॉर्ड केला. "घरी लावतेय हं." "दादाला लावतेय." पहिल्या तीन वेळा तिला संकोच वाटला. चौथ्यांदा ती सवयीने म्हणाली, "अहो, घरी लावतेय हं," आणि तेच ठेवलं.

मला आणखी एक गोष्ट घालायची होती. आमच्या नंबरांवरून फोन आला तर तीन घंट्यांनंतर तो आपोआप उचलला जावा. प्रोग्राम लिहून झाला होता, चालतही होता. अण्णांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. "माझं दार मी उघडीन. नाही उघडलं तर मी झोपलोय किंवा मला बोलायचं नाही, असं समजा." मी वाद घातला. पडलात तर काय, वगैरे. आई म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे." मी त्या ओळी पुसल्या. अनोळखी नंबरचे फोन मात्र परस्पर कापले जातात, त्याला ते आनंदाने तयार झाले. 'पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असा एक फोन त्यांना वर्षापूर्वी येऊन गेला होता. पैसे गेले नाहीत, पण दोन रात्री ते झोपले नव्हते. बँकेच्या ओटीपीचा जुना नंबर घरच्या फोनमध्येच ठेवला आणि याच्यासाठी नवीन सिम घेतलं.

बारीकसारीक त्रास होतेच. जुन्या रेडिओशेजारी मोबाइल ठेवला की फोन यायच्या आधी जो टर्रर्र आवाज यायचा, तोच पलीकडच्याला ऐकू यायचा. ते सेकंदाला २१७ झटके माइकच्या तारेत उतरत होते. तारांना पीळ दिला, माइक अँटेनापासून दुसऱ्या टोकाला नेला, आणि आवाज जवळजवळ गेला. नॅनोच्या जागी कमी वीज खाणारी ३.३ व्होल्टची पाटी घातली. आता एका चार्जिंगमध्ये दोन दिवस निघतात. खर्च, जळलेलं मॉड्यूल धरून, अडीच हजारांच्या आत. माझे चार महिने गेले.

टूजी किती वर्षं राहील याची काळजी मला आहे. एअरटेलने थ्रीजी कधीच बंद केलं आणि टूजी ठेवलं, ते अजून कोट्यवधी लोकांकडे साधे फोन आहेत म्हणूनच. तरी फोरजीचं, व्होल्टी म्हणजे फोरजीवरून बोलणं चालवणारं मॉड्यूल आणून ठेवलं आहे. खोकं तेच राहील, बटणं तीच, आईचा आवाज तोच. आतलं तेवढं बदलायचं.

फोन साधारण पंचांगाच्या आकाराचा झाला आहे, पण जाड. जाडसर सुती पट्टीने गळ्यात अडकवतात आणि सदऱ्याच्या आत ठेवतात. हातात जरा जड लागतो, आणि अण्णांना तो तसाच बरा वाटतो. मी हलका करू का विचारलं होतं, ते नको म्हणाले.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी कारखान्यात प्रेशर गेज तपासत होते. फोन वाजला, अण्णांचा. इतक्या दिवसांत त्यांनी वरच्या कोपऱ्यातलं बटण पहिल्यांदा दाबलं होतं. माझ्या पोटात गोळा आला.

"अण्णा? कुठे आहात?"

"सारसबागेत, बाकावर. पाय धरलेत." मागे पोरांचा गलका आणि कावळे. "घरी लावला होता, तुझी आई उचलत नाही. मार्गशीर्षातला गुरुवार, पूजेत असेल. तिला सांग, अर्ध्या तासाने येतो. घाबरू नको म्हणावं."

"मी निघू का?"

"कशाला? काम कर. पाय सुटले की येतो. ठेवतो."

ठेवायचं बटणही सातशे मिलिसेकंद जमल्याशिवाय ऐकत नाही. गोळीचा अंमल उतरलेला असला तर दीड-दोन सेकंद लागतात. 'ठेवतो' म्हटल्यानंतर तेवढा वेळ लाइन चालू राहते. मी गेज खाली ठेवलं आणि ऐकत राहिले. लाकडावर नखाची टकटक, सेकंदाला पाच. एक कावळा. त्यांचा श्वास. मग खट्.